हुकुमदार!

आमचे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस सांगलीला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक होती. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. मामांना सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं उलटली, पण ट्रंक अजून नोकरीत होती.

मिरजेत ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला हॉलमधून गर्जना ऐकू आली, "फॉलिन!"

मला वाटलं, मामा पडले. डोळ्याला पट्टी बांधलेला म्हातारा माणूस अंधारात 'फॉल' म्हणून ओरडला, तर दुसरं काय वाटणार? मी चादरीसकट बाहेर धावलो. मामा हिरवी पट्टी बांधून खांबासारखे ताठ उभे होते आणि समोर आमची ही आणि दोन्ही मुलं रांगेत.

"मामा, पडलात का?"

"मी कशापायी पडतूय? जावईबापू, तुमी पडा रांगंत. चाळीस सेकंद लेट हाय."

मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. "नफरी किती?"

नफरी म्हणजे हजर डोक्यांची मोजदाद. ही लहानपणापासून पलटणीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. खाडकन म्हणाली, "चार, आबा!"

मामांनी चांगल्या डोळ्यानं मला चादरीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तीन," ते म्हणाले. "अन् एक शिविल."

जगाचे दोनच भाग आहेत, फौजी आणि सिव्हिल, ही मामांची भूगोलाची समजूत. मला त्यांनी दुसऱ्या भागात टाकलं याचं दुःख नव्हतं. पण त्यांनी फाटकाशी उभं राहून शेजारच्या काकूंनाही सांगून टाकलं, "आमचे जावई शिविल हायेत." आता सांगलीत 'सिव्हिल' म्हणजे एकच, सिव्हिल हॉस्पिटल. संध्याकाळी काकू दोन शहाळी घेऊन हजर. दार मी उघडलं, तोंडात भडंगाचा बकाणा. काकूंच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली, तिनं मलाच अपराधी वाटलं. "सोडलं वाटतं लवकर," एवढंच म्हणून त्या शहाळ्यांसह परत गेल्या.

दोन दिवसांत घराचा नकाशा बदलला. स्वयंपाकघराचं लंगर झालं, मुलांच्या खोलीची बराक झाली, दप्तराला पिट्ठू म्हणू लागले. माझी सर्दी 'सिक रिपोर्ट' झाली आणि तो रिपोर्ट सकाळी सहाच्या आत दिला नाही म्हणून नामंजूरही झाली. भांडी घासणं हे 'फटीक' ठरलं. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे शब्द दिसला की त्याचं मूळ उकरून पाहायची मला खोड आहे. हा 'फटीक' म्हणजे इंग्रजी 'फटीग', शिपायानं करायची अंगमेहनतीची कामं. मी हे मूळ मोठ्या उत्साहानं सांगत होतो. मामा म्हणाले, "मूळ समजलं न्हवं? मग पातेलं घ्या."

चिरंजीवांचं तर फार वाईट झालं. "उद्या सकाळी सगळ्यांस्नी रगडा!" असं मामांनी जाहीर केल्यावर पोरगं हरखलं. पहाटे वाटी-चमचा घेऊन, शेव कुठे आहे असं विचारत अंगणात आलं. फौजेतला रगडा पॅटीसबरोबर खायचा नसतो, तो मैदानाला फेऱ्या मारून, कोपरं घासून, घाम गाळून भोगायचा असतो, हे त्याला सातव्या फेरीत कळलं. वाटी त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही.

खरा प्रसंग ओढवला तो एका रात्री. शाळेच्या स्नेहसंमेलनाची बैठक लांबली. साडेअकराला मी चोरपावलांनी फाटक लोटलं, तर व्हरांड्याच्या काळोखातून आवाज आला, "थम! हुकुमदार!"

माझ्या हातातली पिशवी पडली. त्यातला नारळ गडगडत गेला. मामांनी तो हातबॉम्ब समजून काठीनं गटारीत ढकलला.

"मामा, मी आहे."

"मी कोण?"

"जावई."

"जावई ही क्याटेगरी न्हाई. दोस्त का दुष्मन?"

लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं राहत नाही. मी विचार करतोय असं पाहून मामांनी काठी उचलली. "दोस्त! दोस्त!" मी ओरडलो. समोरच्या तीन घरांतले दिवे लागले.

आत आल्यावर मी विचारलं, "मामा, हुकुमदार म्हणजे काय?"

"म्हंजी हुकुमदार."

"पण अर्थ काय?"

"अर्थ कशाला लागतूय? उत्तर द्यायचं असतंय."

अर्थ मला पुस्तकात सापडला. गोऱ्या साहेबाच्या पहारेकऱ्यानं रात्री कुणाची चाहूल लागली की विचारायचं, 'हू कम्स देअर?' आपल्या शिपायांनी ते वाक्य कानानं उचललं, जिभेवर घोळवलं आणि त्याचं चक्क 'हुकुमदार' केलं. प्रश्नाला मिशा फुटल्या. विचारणारा हुकूम सोडतोय असं वाटू लागलं आणि ऐकणाऱ्याची बोबडी वळू लागली.

मला वाटलं, सापडलं वर्म! मामांची ही सगळी रुबाबदार भाषा म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी आहे. रात्री जेवताना मी तोफ डागली. "मामा, तुमची पलटणसुद्धा इंग्रजीतनं आलेली आहे बरं का."

मामांनी शांतपणे भाकरी मोडली. "आन साहेबानं आमच्याकडनं काय न्हेलं, ते बगितलं का पुस्तकात?"

बघितलं नव्हतं. बघितल्यावर मीच गार झालो. साहेबानं 'लूट' हा शब्द लुटून नेला. 'खाकी' नेली, 'चिठ्ठी'ची 'चिट' नेली. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेला गोरा सोल्जर घराच्या आठवणीनं व्याकूळ होऊन जे 'ब्लायटी, ब्लायटी' म्हणायचा, ते आपलं 'विलायती'. म्हणजे त्याला स्वतःच्या देशाचं लाडकं नावसुद्धा आपल्याकडून उसनं घ्यावं लागलं. आणि सगळ्यांवर कडी देवळालीची. नाशिकजवळच्या देवळालीत १८६१ साली लष्करी छावणी पडली. मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशीच्या बोटीची वाट पाहत तिथे थांबायचे. बोटी निघायच्या नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्यानं काय करायचं? ऊन खायचं, दारू प्यायची आणि डोकं फिरवून घ्यायचं. डोकं फिरलं की बाकीचे म्हणायचे, याला 'डुलाली टॅप' झाला. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्लंडात एखादा सरकल्यासारखा वागला तर त्याला 'डुलाली' म्हणतात. एस.टी.च्या फलाटावर रात्री मुक्काम पडलेल्या कुठल्याही माणसाला हा आजार समजावून सांगावा लागणार नाही.

हे सगळं मी हिला अर्धा तास हातवारे करून सांगितलं. ती कणीक मळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमची देवळाली झालीय."

मामांना मात्र यातल्या कशाचंच नवल नव्हतं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. बेळगावच्या सेंटरमध्ये घडलेले. त्यांना दुसऱ्या रेजिमेंटचे लोक 'गणपत' म्हणतात आणि ते नाव मराठा शिपाई छाती काढून मिरवतो. "सांगलीत तुमचा येकच गणपती," मामा म्हणाले, "आमच्या पलटणीत आठशे हुते." फक्त अपशिंग्याचं नाव निघालं की मामा जरा गप्प होतात. साताऱ्याजवळच्या त्या गावातनं पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, घरटी माणूस फौजेत, आणि गावाचं नावच पडलं 'अपशिंगे मिलिटरी'. मामांचं गाव तिथनं जवळच. पण एस.टी.च्या पाटीवर त्यांच्या गावापुढे 'बुद्रुक' लागतं. हे शल्य त्यांनी तीस वर्षं उराशी बाळगलेलं आहे.

शेवटी एका संध्याकाळी माझा संयम सुटला. "मामा, घर म्हणजे काय रणांगण आहे का? आम्ही साधी माणसं. आमची भाषासुद्धा साधी, घरगुती असते."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रंक उघडली, एक लाल वही काढली आणि पेन्सिलीला टोक केलं.

मला दुसऱ्या दिवशी त्या वहीची आठवणसुद्धा नव्हती. कारण शाळेत मोठा प्रसंग होता. आमच्या स्टाफरूममध्ये एकच पंखा नीट चालतो आणि त्याच्या खालच्या खुर्चीचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. दिवसभर फोन, धावपळ, रागलोभ. रात्री नऊला मामांनी सगळ्यांना फॉलिन केलं आणि वही उघडली.

"सकाळी सहा चाळीस. जावईबापूंनी खिंड लढवली. ठिकाण, बाथरूम. कारण, गिझर."

मुलं खुदकली.

"सात दहा. फोनवर मोर्चेबांधणी. सात पंधरा. 'हेडसरांनी मला तोफेच्या तोंडी दिलं.' सात वीस. 'गणिताचे सर आपले बिनीचे शिलेदार.' साडेचार. गणिताचे सर फितूर. पाच वाजता स्टाफरूममधल्या बाकीच्या लोकास्नी 'बाजारबुणगे' म्हणाले. पाच दहा. 'आमचं पानिपत झालं.' पाच पंधरा. 'मी तलवार म्यान केलेली नाही.' साडेपाचला चहा." मामांनी पान उलटलं. "येकूण सतरा लढाया. शहीद, कोण न्हाई. जखमी, कोण न्हाई. गोळ्या खर्च, येक. रक्तदाबाची."

मी मराठीचा मास्तर. मी असा हार मानतोय होय! "मामा, हे शब्द आपल्या पूर्वजांचे आहेत," मी म्हणालो. "१३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी—"

"त्येंनी खिंड लढवली," मामा म्हणाले. "तुमी गिझर."

मी कात्रजच्या घाटाकडे वळलो. शिवाजी महाराजांनी १६६३ साली लाल महालात शाइस्तेखानावर छापा घातला आणि पाठलागावरच्या फौजेला बैलांच्या शिंगांना पेटते पोत बांधून भलत्याच घाटाकडे पळवलं म्हणतात. तेव्हापासून मराठी माणूस फसवण्याला 'कात्रजचा घाट दाखवणं' म्हणतो. मग संताजी-धनाजी काढले. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात त्यांची तोंडं दिसायची, आज आम्हाला कुणाचीही दिसतात. मग १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पानिपतावर पडले आणि 'विश्वास पानिपतात गेला' ही म्हण आपल्या पदरात पडली. ती हातउसने पैसे देताना अजून उपयोगी येते.

मामा सगळं ऐकत होते. मग त्यांनी त्या दिवशीचा पेपर पुढे केला. "ह्ये काय ल्याहलंय? 'उद्या मोर्चा निघणार.' मोर्चा कसा निघल?"

"म्हणजे लोक चालत जाणार."

"आवं, मोर्चा म्हंजी खंदक. त्यात माणूस बसतो. खंदक काय चालत जातोय व्हय कलेक्टरकडं?"

मी कोशात पाहिलं. म्हातारा बरोबर होता. मोर्चा म्हणजे आडोशाची, लढायला बसायची जागा. मोर्च्याच्या बाबतीत फौजेनं मूळ अर्थ जपला आणि आम्ही सिव्हिल लोकांनी तो घोषणा देत रस्त्यावर आणला. आघाडीचंही तेच. आघाडी म्हणजे फौजेचं पुढचं अंग. आता निवडणुकीत ती कुणाबरोबरही होते आणि तिच्यात पुढे कोण यावरून मागच्या मागे भांडणं होतात.

"आन ह्ये?" मामांचं बोट पुढच्या बातमीवर गेलं. "'युद्धपातळीवर काम सुरू.' कशाचं?"

"आपल्या गल्लीतल्या खड्ड्याचं."

"किती दिवस?"

"दोन पावसाळे झाले."

मामांनी बाहेरच्या खड्ड्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमी ह्या पातळीवर लढलो असतो," ते म्हणाले, "तर आज तुमी पेपर दुसऱ्याच भाषेत वाचला असता."

मला एकच आशा उरली होती, आमची सांगली. सांगलीच्या मातीतला एकही लढाऊ शब्द नाही की काय? आहे की! पत्री! १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथे इंग्रजांना झुगारून प्रतिसरकार चाललं. कुंडलला तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे लुटली. एवढा पराक्रम, पण नाव अवघड. 'प्रतिसरकार' हा जोडाक्षरी शब्द शेतकऱ्याच्या तोंडात बसेना. त्याला 'पत्री' ठाऊक होती, बैलाच्या खुराला ठोकतात ती. झालं, प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं. गावगुंडांच्या तळपायाला बैलासारखी पत्री ठोकतात अशी वदंता पसरली आणि निम्मे गुंड नुसत्या उच्चारानं सुधारले. माझे आजोबा आयुष्यभर कुणाला पत्री ठोकायला गेले नाहीत, पण परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मला 'पत्री ठोकीन' म्हणायचे आणि माझे तळपाय आपोआप दुमडायचे. उच्चाराच्या चुकीनं एवढं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. हे मी मराठीचा मास्तर असून कबूल करतो.

"हा शब्द आमच्या सांगलीचा," मी छाती पुढे काढली.

"तवा सांगली जिल्हा कुठं हुता?" मामांनी विचारलं.

मी गप्प. कारण तेव्हा तो मुलूख बराचसा सातारा जिल्ह्यातच. १९४९ ला वेगळा जिल्हा काढला, तोही 'दक्षिण सातारा' म्हणून. सांगली हे नाव लागलं १९६० मध्ये.

"म्हंजी तुमी आमचीच नफरी," मामा वही मिटत म्हणाले. "फकस्त गैरहजर."

साताऱ्यावर चाल करून स्वतःच गाडला जाणारा मी पहिला नव्हतो. औरंगजेबानं १६९९ च्या अखेरीस साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये तटाखाली सुरुंग उडवले. त्यातल्या दुसऱ्यानं तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि बादशहाचीच दोनेक हजार माणसं गाडली गेली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला बादशहाबद्दल फार आपुलकी वाटली.

पट्टी निघाली त्या रात्री लाईट गेली होती. मुलं झोपलेली. मी आणि मामा व्हरांड्यात बसलो होतो. मी सहज विचारलं, "मामा, एकाहत्तरच्या युद्धात तुम्ही होतात ना?"

"व्हतो की. जंगी पलटण. जमालपूरला. वीस वर्साचा हुतो."

"मग? काय झालं?"

"गडबड झाली थोडी."

मी वाट पाहिली. मराठी माणूस 'थोडी' म्हणाल्यावर पुढे दोन तास बोलतो. मामा बोलेनात.

"गडबड म्हणजे?"

"आवं, आमचे ब्रिगेडियर क्लेर. त्येंनी पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी धाडली, येका माणसाच्या हातनं. वेढलंय तुमाला, हत्यार टाका. त्या सुलतान अहमदानं जबाब धाडला. कागदात गोळी गुंडाळून. पेन कशाला धरताय, स्टेन घिऊन या, आसल्या अर्थाचं कायतरी."

"बाप रे! मग?"

"मग धाच्या रातीला गडबड झाली. अकराला सकाळी जमालपूर आलं हातात." मामा थांबले. "चा बी आला."

"चहा?"

"थंड हुता."

एवढीच हकीकत. स्टाफरूममधल्या पंख्याखालची खुर्ची गेली, त्याचं वर्णन मी हिला चार दिवस सांगत होतो आणि त्यात पानिपत तीनदा आलं होतं.

सोमवारी शाळेत गेलो, तर कारकून डोळे बारीक करून म्हणाले, "सर, गेल्या आठवड्यात तुमच्यात महायुद्ध पेटलं होतं म्हणे?" मी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर गणिताचे सर घोरत होते. "नाही हो," मी संयमानं म्हणालो, "थोडी गडबड झाली, एवढंच." कारकुनांनी दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि कुजबुजले, "किती रुपयांची?"

पंधरा दिवसांसाठी आलेले मामा दीड महिन्यानं निघाले. पहाटे पाचला 'मूव्ह ऑर्डर' निघाली. ट्रंक मी उचलली, म्हणजे उचलू पाहिली. ती मामांनीच एस.टी.त चढवली आणि लाल वही माझ्या मुलीच्या ताब्यात दिली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "जावईबापू, घरी रातचं लेट येऊ नका. आता हुकुमदार इचारायला कोण न्हाई."

तेव्हापासून रोज रात्री नऊला साताऱ्याकडून फोन येतो. ही पदर खोचून, टाचा जुळवून उभी राहते. पलीकडून आवाज येतो, "नफरी किती?"

"तीन हजर, आबा," ही सांगते, "अन् एक शिविल."

याला आता सहा महिने झाले. माझी बढती अजून अडकलेलीच आहे. लढाया मात्र, लाल वहीप्रमाणे, चारशे बारा.